‘एल्फिन्स्टन कॉलेज’ असे छापलेले कार्ड आणि त्यावरची अनोळखी इमारत

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत आपल्याला मुंबईच्या शाळा-कॉलेजांची एकतीस जुनी चित्रकार्डे सापडली आहेत. त्यांतल्या एका कार्डावर इंग्रजीत ‘एल्फिन्स्टन कॉलेज, बॉम्बे’ असे छापलेले आहे, पण चित्रातली इमारत काळा घोड्याच्या कॉलेजाशी अजिबात जुळत नाही. ती झाडांच्या गर्दीत, मोकळ्या आवारात उभी आहे. हे कार्ड बनावट आहे का, ते कोणत्या सालचे आहे, सगळ्या कार्डांची मिळून किंमत किती होईल, ती पिवळी पडत चालली आहेत म्हणून लॅमिनेट करून घ्यावीत का, आणि त्यांतली काही चित्रे आजोबांच्या शाळेच्या स्मरणिकेत छापता येतील का, असे आपण विचारले आहे.

गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी मुंबई आणि पुण्याच्या शिक्षणसंस्थांची चित्रकार्डे जमवतो, इतरांच्या संग्रहांच्या नोंदी करून देतो, आणि आपल्यासारखी घरगुती पेटी उघडून बसण्याचा योग मला अनेकदा आला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपला मूळ प्रश्न किमतीचा नाही आणि खऱ्या-खोट्याचाही नाही. ‘हे कार्ड कोणत्या सालचे?’ असे आपण विचारता तेव्हा कार्डाला एकच साल असते असे आपण गृहीत धरता, आणि बहुतेक सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. चित्रकार्डाला किमान तीन साले असतात. छायाचित्र घेतले गेले ते एक, कार्ड छापले गेले ते दुसरे आणि टपालात पडले ते तिसरे. या तिन्हींत पंधरा-वीस वर्षांचे अंतर असणे मुळीच दुर्मीळ नाही. आपल्या एल्फिन्स्टनच्या कार्डाचे कोडे, माझ्या अंदाजाने, याच अंतरातून निर्माण झालेले आहे.

कार्ड मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सारे आपण केलेल्या वर्णनावर अवलंबून आहे. मुंबईत एल्फिन्स्टनचे नाव लावणाऱ्या शैक्षणिक इमारती एकाहून अधिक आहेत. आज आपण ज्या इमारतीला एल्फिन्स्टन कॉलेज म्हणून ओळखतो ती काळा घोड्याची इमारत १८८० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, आणि तीही मुळात सरकारी छापखान्यासाठी. कॉलेज तिथे नंतर आले. त्याआधी कॉलेज भायखळ्याला होते. कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून तिथे १८७१ च्या सुमारास कॉलेजासाठी खास इमारत बांधण्यात आली होती, व्हिक्टोरिया गार्डन्सच्या, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानाच्या समोर. कॉलेज काळा घोड्याला गेल्यावर त्या इमारतीत १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट आली. तीच आजची व्हीजेटीआय. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली आणि भायखळ्याची इमारत पुढे रेल्वेच्या रुग्णालयाकडे आली. तिसरी इमारत एल्फिन्स्टन हायस्कूलची. ती धोबी तलावाच्या बाजूला, मैदानासमोर आहे, १८७० च्या दशकातली आहे आणि आल्बर्ट ससून यांच्या देणगीशी तिचे नाव जोडलेले आहे. कार्ड छापणाऱ्यांनी हायस्कूलला कॉलेज आणि कॉलेजाला हायस्कूल म्हटल्याची उदाहरणे माझ्याच संग्रहात आहेत.

आता मोकळे आवार आणि झाडी हे वर्णन लक्षात घेतले तर माझा पहिला कल भायखळ्याकडे जातो. इथे एक अडचण मात्र आहे आणि तीच या कार्डाची खरी गंमत आहे. भारतात खासगी चित्रकार्डे बाजारात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या काही वर्षांत. तोवर कॉलेज भायखळा सोडून गेले होते. म्हणजे भायखळ्याच्या इमारतीवर ‘एल्फिन्स्टन कॉलेज’ असे छापलेले चित्रकार्ड, तर्काने पाहिले तर, निघायलाच नको होते. तरीही असे कार्ड निघू शकते, कारण प्रकाशक दर वेळी नवे छायाचित्र काढून घेत नसत. स्टुडिओच्या कपाटात १८७० आणि १८८० च्या दशकांतल्या काचेच्या निगेटिव्ह पडून असत, त्यांवर त्या काळची नावे लिहिलेली असत, आणि चित्रकार्डांची मागणी वाढल्यावर त्याच निगेटिव्ह बाहेर काढून जुन्या नावासकट छापायला दिल्या जात. आपले कार्ड अशा प्रकारचे असेल तर ते बनावट नाही. उलट छायाचित्र कार्डापेक्षा बरेच जुने असल्यामुळे कॉलेज भायखळ्याला असतानाचा तो दृश्य पुरावा ठरू शकतो. दुसरी शक्यता अशी, की छायाचित्र व्हीजेटीआयच्या काळातले आहे आणि छापणाऱ्याने जुन्या माहितीवर विसंबून नाव चुकवले. या दोहोंतले खरे कोणते ते चित्रातल्या बारीकसारीक गोष्टींवरून ठरेल. फाटकावर पाटी आहे का, आवारातली झाडे किती वाढलेली आहेत, रस्ता दिसत असेल तर त्यावर काय चालले आहे, हे सारे भिंगातून पाहावे लागेल.

मी स्वतः काम करताना कार्डाकडे उलट्या क्रमाने पाहतो, म्हणजे आधी मागची बाजू आणि मग चित्र. चित्रावर विश्वास लवकर बसतो, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवतो. मागच्या बाजूच्या मध्यभागी उभी रेघ आहे की नाही ते आधी पाहावे. सुरुवातीच्या कार्डांवर ती रेघ नसे. ती बाजू पूर्णपणे पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे, त्यामुळे निरोप लिहायचा तो चित्राच्या खाली किंवा कडेला सोडलेल्या पांढऱ्या पट्टीत, तोही बारीक अक्षरांत. ब्रिटनने १९०२ मध्ये रेघ मारून डावीकडे निरोप आणि उजवीकडे पत्ता अशी मोकळीक दिली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इतर देशांनी तीच पद्धत उचलली. तेव्हा रेघ नसलेले मुंबईचे कार्ड साधारणपणे १९०५-०६ च्या आधीचे समजायला हरकत नाही. ‘साधारणपणे’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण दुकानदार जुना साठा संपेपर्यंत विकत राहत.

त्यानंतर तिकीट आणि टपालाचा शिक्का पाहावा. शिक्क्यावरचे साल वाचता आले तर उत्तमच. ते पुसट असेल तर तिकिटावरचा राजा मदत करतो. एडवर्ड सातवे यांची भारतीय तिकिटे १९०२ पासूनची, पाचव्या जॉर्जची १९११ पासूनची आणि सहाव्या जॉर्जची १९३७ पासूनची. देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर १८७९ मध्ये पोस्टकार्ड सुरू झाले तेव्हापासून १९२२ पर्यंत पाव आणा होता आणि त्या वर्षी तो अर्धा आणा झाला. त्यामुळे पाचव्या जॉर्जचे पाव आण्याचे एकच तिकीट लावून मुंबईहून साताऱ्याला गेलेले कार्ड बहुधा १९११ ते १९२२ या अकरा वर्षांत बसते. तिकीट मागे नसून चित्राच्या बाजूला चिकटवलेले दिसले तर दचकू नये. परदेशातल्या संग्राहकांशी कार्डांची देवाणघेवाण करणाऱ्यांमध्ये तशी रीतच होती. मात्र हे सगळे टपालाचे साल आहे. १९१५ चा शिक्का असलेले चित्र १८९५ चे असू शकते, हे विसरू नये.

छपाईचे साल ठरवायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. घड्याळदुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसले. त्यातून आकाशाचा भाग पाहावा. समान अंतरावर ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. ठिपक्यांऐवजी बारीक, वळवळणाऱ्या, सुरकुत्यांसारख्या रेषांचे जाळे दिसले तर कोलोटाइप. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली बरीचशी चांगली कार्डे याच पद्धतीची आहेत आणि त्यांतली पुष्कळ जर्मनीत छापून आलेली आहेत. ठिपकेही नाहीत आणि जाळेही नाही, काळ्याची छटा राखाडीत नुसती विरघळत जाते, असे असेल तर ते खरेखुरे छायाचित्र, म्हणजे ब्रोमाइड कागदावर काढलेली प्रत होय. ती तिरपी धरून उजेडात पाहिली तर गडद भागांवर पाऱ्यासारखी चकाकी आलेली दिसते. लोक ती कापसाने पुसायला जातात. कृपया तसे करू नये. ती धूळ नाही, चित्रातली चांदीच पृष्ठभागावर आलेली आहे. आणि रंगीबेरंगी ठिपक्यांची छोटी छोटी फुले दिसली तर ती अलीकडची ऑफसेट छपाई आहे, म्हणजे जुन्या कार्डाची नवी प्रत.

प्रती म्हणजे फसवणूकच असे मात्र नाही, कारण स्मरणिका म्हणून जुनी कार्डे नव्याने छापून उघडपणे विकली जातात. अडचण तेव्हा येते, जेव्हा अशी प्रत चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या ढिगात मिसळली जाते. शंका आली तर नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा दिवा अंधाऱ्या खोलीत कार्डावर धरावा. १९५० च्या सुमारापासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने घातली जाऊ लागली आणि असा कागद त्या उजेडात निळसर पांढरा चमकतो. एडवर्डच्या काळातले म्हणून सांगितलेले कार्ड ट्यूबलाइटसारखे उजळले तर ते त्या काळातले नाही. आपली कार्डे आजोबांच्या पेटीतून थेट आपल्या हाती आलेली आहेत, मधे कोणताही विक्रेता नाही, म्हणून मला ही भीती फारशी वाटत नाही.

आता चित्राकडे येऊ. छायाचित्राचे साल ठरवण्यासाठी इमारतीपेक्षा तिच्यासमोरचा रस्ता जास्त बोलतो. इमारत पन्नास वर्षे तशीच राहते, रस्ता राहत नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ट्राम ७ मे १९०७ ला, दुमजली ट्राम १९२० मध्ये आणि मोटारबस १५ जुलै १९२६ ला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. रस्त्यावर रूळ आहेत पण डोक्यावर तारा नाहीत, तर चित्र १९०७ च्या आधीचे मानावे. तारा आहेत आणि ट्राम एकमजली आहे, तर बहुधा १९०७ ते १९२० यांच्या मधले. काळा घोड्याच्या परिसराची चित्रे असतील तर सातव्या एडवर्डचा तो घोड्यावरचा पुतळा शोधावा. तो १८७९ मध्ये बसवला गेला आणि १९६५ मध्ये तिथून हलवला गेला. आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात (राणीच्या बागेत), म्हणजे आपल्या कार्डातली इमारत भायखळ्याची असेल तर तिच्या अगदी समोर आहे.

विद्यापीठाची कार्डे आपल्या पेटीत असणारच, कारण मुंबईच्या शैक्षणिक चित्रकार्डांत त्यांच्याइतकी मोठी संख्या दुसऱ्या कशाचीच नाही. दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले आणि राजाबाई टॉवर १८७८ च्या नोव्हेंबरात. दोन्हींचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते स्वतः मुंबईत कधीही आले नाहीत. या इमारती इतक्या आधीच्या आहेत, की त्यांच्यावरून कार्डाचे साल काही कळत नाही. पण टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेले दृश्य असेल तर ओव्हल मैदानाच्या पलीकडची कडा पाहावी. तिथे रेल्वेमार्गापलीकडे लगेच समुद्र दिसत असेल आणि आज ओळीने उभ्या असलेल्या आर्ट डेको इमारतींचा मागमूस नसेल, तर छायाचित्र १९३० च्या दशकाआधीचे आहे. विल्सन कॉलेजची चौपाटीवरची इमारत १८८९ ची. तिथेही इमारतीऐवजी समोरचा किनारा आणि रस्ता पाहावा. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे कार्ड असेल तर निदान एक बाजू बांधली जाते. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ती इमारत १९२० मध्ये पूर्ण झाली, म्हणून पुरी झालेली इमारत दाखवणारे छायाचित्र त्याआधीचे असूच शकत नाही.

चित्राखाली छापलेल्या नावाचा उपयोग दोन प्रकारे होतो. संस्थेचे नाव बदललेले असेल तर ते नाव साल सांगते. पुण्याचे एक उदाहरण देतो. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेली तिथली संस्था १९११ पर्यंत ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखली जात होती, त्यामुळे ‘कॉलेज ऑफ सायन्स, पूना’ असे छापलेले कार्ड हातात आले की मी त्याचा मजकूर १९११ च्या आधी जुळवला गेला असे धरतो. पण सारख्या नावांचा घोळ त्याहून मोठा आहे. ‘सर जे. जे.’ एवढेच वाचून लोक स्कूल ऑफ आर्ट, पारसी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन आणि रुग्णालय यांची कार्डे एका पाकिटात घालतात. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे आहे आणि त्याची स्वतःची इमारत १८७८ ची. बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन ही १८४९ मध्ये स्थापन झालेली वेगळी शाळा. आणि रुग्णालयाच्या आवारात ग्रँट मेडिकल कॉलेज आहे, ते १८४५ चे. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट हे नाव पाहून पुष्कळांना ते कॉलेज वाटते. ते वाचनालय आहे.

रंगांवर मात्र काही ठरवू नये. रंगीत छायाचित्रणाच्या आधीची ही कार्डे छापखान्यात रंगवली गेली आणि रंगवणाऱ्यांनी बहुतेक वेळा मुंबई पाहिलेली नसे. माझ्याकडे विद्यापीठाची दोन कार्डे आहेत, दोन्ही एकाच निगेटिव्हवरून काढलेली. एकात दगड पिवळसर आणि आकाश फिकट निळे आहे. दुसऱ्यात तेच दगड विटांसारखे तांबडे आहेत, आकाशात संध्याकाळ उतरली आहे, आणि पहिल्या कार्डात डाव्या कोपऱ्यात उभी असलेली बैलगाडी दुसऱ्यात पूर्णपणे नाहीशी झाली आहे. गाडी होती त्या जागी भिंगातून पाहिले की गवताच्या रेषा ब्रशने ओढलेल्या कळतात. बैलांची सावली मात्र रस्त्यावर तशीच राहिली आहे. तेव्हा एकाच इमारतीची दोन कार्डे आपल्याकडे असतील तर ती शेजारी ठेवून पाहावीत. एकट्या कार्डात जे लक्षात येत नाही ते जोडीत लगेच दिसते.

प्रकाशकाचे नाव बहुधा मागे कडेला उभे छापलेले असते. मुंबईच्या कार्डांवर क्लिफ्टन अँड कंपनी, फोटोटाइप कंपनी, तारापोरवाला, आणि लंडनचे राफाएल टक ही नावे वारंवार येतात. नावाबरोबर अनुक्रमांक असेल तर तो जरूर टिपून ठेवावा. प्रकाशकांच्या नोंदवह्या आज सहसा मिळत नाहीत. टक यांच्या लंडनमधल्या इमारतीवर तर १९४० च्या डिसेंबरात बॉम्ब पडले आणि त्यांचे दप्तर जळून गेले. त्यामुळे अनेक संग्राहकांनी आपापल्या कार्डांवरचे अनुक्रमांक आणि शिक्क्यांची साले ताडून पाहणे हाच कालनिश्चितीचा व्यवहार्य मार्ग राहतो. आपली एकतीस कार्डे त्या दृष्टीने उपयोगाची आहेत, मग ती कितीही सामान्य असोत.

किमतीविषयी मी आकडा सांगणार नाही. कार्डे न पाहता सांगितलेला आकडा आपली दिशाभूल करील आणि तोच आकडा उद्या कोणीतरी दुसऱ्या पेटीला लावील. किंमत कशावर ठरते ते मात्र सांगता येते. विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची कार्डे इतकी निघाली, की ती कितीही सुंदर असली तरी सहज मिळतात. मोठ्या कॉलेजांची त्यांच्या खालोखाल. एखाद्या लहान शाळेचे, मुलींच्या शाळेचे, वसतिगृहाचे किंवा मिशनच्या वर्गाचे कार्ड फार क्वचित समोर येते, आणि ते ब्रोमाइड कागदावरचे असेल, म्हणजे मोजक्याच प्रती काढलेल्या असतील, तर संग्राहक त्यासाठी थांबून राहतात. दुमडलेला कोपरा, कात्रीने कापलेली कड, अल्बमातून उपटताना सोललेली पाठ यांनी किंमत झपाट्याने उतरते. लिहिलेल्या कार्डाला कोऱ्यापेक्षा कमी मानणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही, आणि का ते एका कार्डावरून सांगतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे ते कार्ड मला रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाले. चित्र अगदी सर्वसाधारण, छपाईही पुसट. पण वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर कोणीतरी शाईने लहानशी फुली मारली होती, आणि मागे मोडीत चार ओळी होत्या. मला मोडी येत नव्हती, म्हणून ते कार्ड दोन वर्षे तसेच पडून होते. शेवटी एका वयस्कर स्नेह्यांनी ते वाचून दिले. मुलाने वडिलांना लिहिले होते, की फुली केली आहे तिथे मी रोज वाचावयास बसतो, उजेड चांगला असतो, परीक्षेस अठरा दिवस उरले आहेत, आईने काळजी करू नये. पत्ता कोकणातल्या एका गावाचा आणि शिक्का १९१३ चा. इमारत तीच, कार्ड तेच, पण त्या फुलीमुळे त्या खिडकीच्या आत कोणीतरी बसलेले दिसू लागले. आपल्या आजोबांच्या कार्डांवर अशी एखादी खूण, टाचणीने पाडलेले भोक, पेन्सिलीची रेघ असेल तर ती पुसू नये, आणि मोडीतला मजकूर असेल तर तो विक्रीआधी, किंबहुना इतर कशाहीआधी वाचून घ्यावा. मोडी शिकवणारे आणि वाचून देणारे लोक आज मुंबई-पुण्यात आहेत.

लॅमिनेशन करू नये, हे मला जितक्या ठामपणे सांगता येईल तितक्या ठामपणे सांगतो. उष्णतेने प्लास्टिकचा थर कागदाला आणि ब्रोमाइडच्या लेपाला कायमचा चिकटतो. तो पुन्हा काढता येत नाही, आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही, आणि पिवळेपणा तर थांबतच नाही, कारण त्याचे कारण कागदातल्या आम्लात असते. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि खोडरबर यांनाही दूर ठेवावे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका हायस्कूलचे ब्रोमाइड कार्ड, ज्याची दुसरी प्रत मला आजवर दिसलेली नाही, एका दुकानात चौकट करायला दिले. त्यांनी ते पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून टाकले. मागच्या बाजूला शिक्षकांच्या नावांची यादी होती, मी तिची नक्कल करून ठेवलेली नव्हती आणि आता ती यादी कोणालाच वाचता येणार नाही. त्या दिवसापासून कार्ड घराबाहेर जाण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन झालेच पाहिजे असा नियम मी पाळतो.

तेव्हा पहिले काम स्कॅनिंगचे. दोन्ही बाजू, किमान सहाशे डीपीआय, कडा न कापता, रंगांत सुधारणा न करता; फाइलचे नाव असे द्यावे की पुढची आणि मागची बाजू एकमेकींपासून तुटणार नाहीत. ज्या क्रमाने कार्डे पेटीत होती तो क्रमही टिपून ठेवावा, कारण एका सहलीत किंवा एका दुकानातून घेतलेली कार्डे अनेकदा शेजारी शेजारी सापडतात. त्यानंतर प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. बाजारात मिळणारे मऊ, वासाचे प्लास्टिकचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात आणि ते काही वर्षांत चिकट होऊन चित्र ओढून घेतात. पत्र्याची पेटी वापरायची असेल तर ती बाहेरच्या भिंतीला लावू नये. मुंबईच्या पावसाळ्यात ओल आणि कसर हे दोन मोठे शत्रू असतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात, पण डांबरगोळ्या कार्डांना लागून ठेवू नयेत. नोंद करायची तर पाकिटावर, आणि कार्डावर लिहिणे अगदीच अपरिहार्य असेल तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात.

स्मरणिकेत छापण्याबद्दल आपण संकोचाने विचारले आहे, पण त्यात बहुधा अडचण येणार नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत ते प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षे टिकत असे, त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या कार्डांचा हक्क केव्हाच संपला आहे. छापताना चित्राखाली प्रकाशकाचे नाव आणि ‘टपालाचा शिक्का अमुक सालचा’ एवढेच लिहावे. ‘अमुक सालची इमारत’ असे लिहू नये, कारण ते आपल्याला माहीत नसते आणि स्मरणिकेत छापलेली चूक पुढची पन्नास वर्षे उतरवून घेतली जाते.

थोडक्यात क्रम असा राहू द्या, की आधी दोन्ही बाजूंचे स्कॅन, मग मागची बाजू, मग भिंगाखाली छपाई, आणि सर्वांत शेवटी चित्र आणि त्याखालचे नाव. तिन्ही साले वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत आणि जे ठरत नाही तो रकाना रिकामा ठेवावा.

एल्फिन्स्टनच्या कार्डासाठी मला तीन गोष्टी कळवाव्यात. मागे मधली रेघ आहे का, आकाशाच्या भागात भिंगातून काय दिसते, आणि इमारतीच्या दर्शनी भागातल्या कमानी प्रत्येक मजल्यावर किती आहेत. कमानी मोजताना पोर्चच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण काही वेळा निगेटिव्ह उलटी छापली जाते आणि डावे उजवे होते. भायखळ्याच्या रुग्णालयाच्या इमारतीचे आजचे छायाचित्र शेजारी ठेवून कमानींची संख्या जुळली, तर कॉलेज त्या जागी असतानाचे चित्र आपल्या हाती आहे की ते गेल्यानंतरचे, एवढाच प्रश्न उरेल, आणि त्यासाठी मला फाटकाजवळच्या भागाचा मोठा केलेला स्कॅन लागेल.